नवसाची बुंदी

हसायचं तर खुशाल हसा, पण चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागं एकाला हे सांगत होतो तर त्याला असा ठसका लागला की त्याच्या पाठीवर बुक्क्या माराव्या लागल्या. आता सुरुवात तरी कुठून करू? पैशाची तंगी कोणाला येत नाही? सगळ्यांना येते. तंगीत माणूस मूर्खपणाही करतो. पण आपला मूर्खपणा अख्ख्या गावासमोर लाऊडस्पीकरवर जाहीर करणारा माणूस मी एकटाच असेन!

मी मालेगावला एका शाळेत क्लार्क आहे. मालेगाव म्हणजे आपलं वाशीम रोडवरचं बरं का, नाशिककडचं नाही. तर झालं असं, की मार्च संपला आणि पगार लांबला. आज होईल, उद्या होईल, असं चाललेलं. त्यातच घरच्या बोअरची मोटार जळाली. आमच्याकडच्या एप्रिलमध्ये पाण्यावाचून राहता येतं का? घरात होते नव्हते तेवढे पैसे मोटारीच्या वायंडिंगमध्ये गेले. नळाला पाणी आलं आणि त्याच दिवशी बायकोनं स्वयंपाकघरातून हाक मारली.

"अहो, गॅस गेला."

"दुसरं सिलिंडर लाव ना."

"थेच तं गेलं. अन पिठाचा डबाही खडखडून राह्यला."

घरात माणसं पाच. मी, बायको सविता, माझी म्हातारी माय आणि दोन पोरं. आणि खिशात जे होतं ते सांगायला मला आजही लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, कोणाकडून उसने घ्यायचे की! तिथंच तर घोळ होता. स्टाफरूममध्ये बचतीवर भाषण देणारा माणूस कोण? मी! पहिल्या तारखेला थोडे बाजूला काढून ठेवा, संकट सांगून येत नसतं, असं मी महिन्यातून दोनदा तरी सगळ्यांना ऐकवायचो. किराणा दुकानातली उधारीसुद्धा मीच मोठ्या रुबाबात बंद केली होती. आता कोणत्या तोंडानं हात पसरणार?

"माह्या भावाले फोन लावते," सविता म्हणाली.

"खबरदार! सासरवाडीत माझी काय इज्जत राहील?"

"मंग अंगनात तीन दगडं मांडते. जाळाले तुराट्या पडल्या हायेत मागं. पीठ तेवढं शेजारून आनते."

"अंगणात धूर दिसला की शेजारी विचारतील ना, गॅस संपला काय म्हणून!"

सवितानं माझ्याकडं असं पाहिलं, की त्या नजरेवरच एखादं पातेलं उकळलं असतं. "मंग पोरायले काय तुमची इज्जत वाढू?"

मी विचार करत दारात उभा राहिलो. आणि तेवढ्यात वाऱ्यावरून टाळ-मृदंगाचा आवाज आला. आमचं घर मालेगावच्या अगदी टोकाला. शेतांच्या पलीकडं एक लहानसं गाव आहे. नाव सांगत नाही, मला अजून तिकडून जावं-यावं लागतं. त्या गावात हरिनाम सप्ताह सुरू झाला होता. सप्ताह म्हणजे रोज कीर्तन. आणि कीर्तन म्हणजे पंगत! पोळी, वांग्याची भाजी, वरण, भात. तिथं कोणी विचारत नाही तू कोण, कुठला. देवाच्या दारात कसली आली लाज?

मी म्हटलं, "सविता, चला. कीर्तनाला जायचं."

"तुमी? कीर्तनाले?"

"मनुष्यजन्म काय पुन्हा पुन्हा मिळतो?"

गाडीत पेट्रोल जेमतेम. म्हणून मी मायला गाडीवर बसवून पुढं नेलं, तिला बायकांच्या बाजूला बसवलं, आणि सविता नि पोरं बांधावरून पायी आली. हीच व्यवस्था रोजची ठरली. माय सगळ्यात आधी पोचायची आणि सविता येईपर्यंत बायकांत एकटी बसायची. यात काय धोका आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

पहिल्याच संध्याकाळी मंडपाच्या तोंडाशी उत्तमराव भेटले. सप्ताहाचा सगळा कारभार याच माणसाकडं. उंचपुरा गडी, खांद्यावर दुपट्टा, आवाज असा की माईक लागू नये. त्यांचा नातू आमच्या शाळेत, म्हणून ओळख.

"अरे, सर! तुमी इकडं कसे काय?" क्लार्क असलो तरी आमच्याकडं शाळेत जाणारा प्रत्येक जण सरच असतो. "थेही समद्या घरादारासंग?"

आता 'आलो दर्शनाला' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं की नाही? पण मनात चोर असला की तोंड आपल्या ताब्यात राहत नाही. उद्या परत यायचं, परवाही यायचं, रोज काय कारण सांगायचं, या धास्तीनं मी एका दमात सगळ्याचा बंदोबस्त करायला गेलो.

"नवस आहे," मी म्हटलं. "सप्ताह होईपर्यंत घरी चूल पेटवायची नाही. इथल्या प्रसादावरच राहायचं."

"समद्या घरानं?"

"सगळ्या घरानं."

"चूल बिलकूल नाई पेटवाची?"

"बिलकूल नाही!" आणि हे तर शंभर टक्के खरं होतं हो!

उत्तमरावांचे डोळे भरून आले. "सर, असा नवस म्या या जन्मात नाई आयकला!" असं म्हणून त्यांनी मला मिठीच मारली आणि थेट पहिल्या पंगतीत नेऊन बसवलं. मी पोटभर जेवलो. पहिली दोन वाढणं गोड लागली. मग उत्तमराव शेजारच्या माणसाला माझी गोष्ट सांगताना दिसले आणि तो माणूस मला हात जोडायला लागला. पुढची पोळी मी मान खाली घालूनच मोडली.

दुसऱ्या दिवसापासून तर माझी वरातच निघाली म्हणा ना. "सर, नवस हाये म्हनल्यावर सकाळचाही प्रसाद इथंच घ्या लागते. काकड्याले या!" काकडा पहाटे असतो, माहीत आहे ना? मी, ज्याला बायको पाणी शिंपडून उठवते, तो अंधारात थंड पाण्यानं आंघोळ करून काकड आरतीला उभा! तिथं पोहे मिळायचे ते डब्यात भरून घरी आणायचो. पोरं डब्यावर तुटून पडायची.

दिवसभर शाळेत बसून मी एकच करायचो. मोबाईल उघडायचा, पगाराचा मेसेज आला का पाहायचं, बंद करायचा. स्टाफपैकी कोणी त्या गावाचं नाव जरी काढलं तरी मी पाणी प्यायला उठायचो.

एक मात्र बरं वाटायचं. त्या गावच्या बायका आम्हाला फार मान द्यायच्या. निघताना मायच्या हातात पोळ्यांचं गाठोडं, भाजीचा डबा, कोणी ताकाची बाटली. उत्तमरावांच्या मंडळी शांताकाकू तर मायला हाताला धरून गाडीपर्यंत आणायच्या. मी सविताला म्हटलं, "पाहिलं? शिक्षणाची कदर आहे लोकांना."

सविता म्हणाली, "मले तं थ्या बाया काही येगळ्याच नजरेनं पाहून राह्यल्या वाटते."

"भक्तिभाव म्हणतात त्याला," मी म्हटलं.

मग वीणेचा दिवस उजाडला. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेल. रात्रंदिवस कोणी ना कोणी ती गळ्यात घेऊन उभा असतो आणि तोंडानं नाम चालू असतं. त्याला पहारा म्हणतात. उत्तमरावांनी संध्याकाळचा पहारा मला दिला. नवसाचा माणूस ना मी! मी म्हटलं, वाईट काय आहे, उभंच तर राहायचं. गळ्यात वीणा अडकवली, डोळे मिटले, 'रामकृष्णहरी' सुरू केलं. आणि खोटेपणा दिसू नये म्हणून भक्तिभावानं मान डोलवायला लागलो. अशी डोलवली की मानेचा काटा ढिला व्हावा.

तेवढ्यात उत्तमराव कानाशी आले.

"सर, एक इचारतो. नवस म्हनल्यावर थो फेडाही लागते. काल्याच्या पंगतीची बुंदी यंदा तुमच्याकून धरू काय?"

काल्याची पंगत म्हणजे शेवटच्या दिवशीचं गावजेवण! अख्खा गाव आणि वर पाहुणे. नाही म्हणायचं तर नाम मोडतं. वीणा ठेवून पळावं तर वीणा खाली ठेवता येत नाही. मी डोळे मोठे केले, भुवया वर नेल्या, जेवढं म्हणून तोंड वाकडं करता येतं तेवढं केलं. पण मान? ती मेली आपली डोलतच होती! इतका वेळ वर-खाली करून तिला ती सवयच लागली होती.

"वा, सर, वा!" उत्तमराव माझ्या पाया पडले आणि तडक माईककडं गेले.

"आयका हो, आयका! काल्याच्या पंगतीची समदी बुंदी आपल्या मालेगावच्या सरांकून! बोला, पुंडलिक वरदे..."

पुरुषांनी गजर केला. बायकांच्या बाजूनं मात्र आवाजच नाही. सगळ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. आणि शांताकाकू पदर खोचून उठल्या.

"अवं, काय बोलून राह्यले तुमी? थ्या गरिबाले कायले भरीस घालता? त्यायचा पगार नाई झाला, गॅस नाई घरात, मोटार जळली. म्हनून तं बिचारे पोरंबाळं घेऊन जेवाले येतात!"

माझ्या तोंडातलं नाम थांबलं. सप्ताह सुरू झाल्यापासून वीणेचं नाम पहिल्यांदाच खंडलं.

"तुले कोनं सांगतलं?" उत्तमरावांनी विचारलं.

"कोनं म्हंजे? त्यायच्या मायनंच! पयल्याच दिशी सांगतलं. आमा समद्या बायायले माहीत हाये."

मी मायकडं पाहिलं. माय शांतपणे म्हणाली, "मंग काय झालं? इचारलं त्यायनं, सांगतलं म्या. खोटं बोलाव काय देवाच्या दारात?"

म्हणजे ती गाठोडी, तो ताकाचा मान, ती कदर... सगळं गॅस सिलिंडरमुळं! सविता पदराआड तोंड लपवून बसलेली. उत्तमराव ओशाळले. जवळ येऊन हळूच म्हणाले, "सर, माफ करा. मले ठाव नव्हतं. म्या आत्ताच माईकवर सांगतो, बुंदी आमी गावच्या वर्गणीतून करतो. तुमी बिनघोर जेवाले या. सप्ताह कायच्यासाठी असते?"

सुटलो होतो हो मी! देवानं, मायनं, शांताकाकूंनी मिळून मला अलगद बाहेर काढलं होतं. कोणी हसत नव्हतं, कोणी नावं ठेवत नव्हतं. फक्त 'बरं' म्हणायचं होतं. कोणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता?

मी वीणा शेजारच्या बुवांच्या गळ्यात अडकवली आणि सरळ माईक धरला.

"कोण म्हणतं आमच्याकडं पैसे नाहीत? मायला वयामुळं आठवत नाही! बुंदी माझीच! आणि नुसती बुंदी नाही, वरून शेवसुद्धा!"

शेव कोणी मागितली होती? कोणीच नाही! पण माईक हातात आला की माणसाचं काही खरं नसतं.

घरी दाराचं कुलूप काढताना सविता म्हणाली, "माह्या भावाले हजार रुपये मागाची लाज वाटली तुमाले. अन अख्ख्या गावाले शेव-बुंदी घालाची नाई वाटली?" मी मोबाईल उघडून पगाराचा मेसेज आला का ते पाहिलं.

साखर, बेसन, तेल सगळं उत्तमरावांच्या शब्दावर उधार आलं. पगार काल्याच्या आदल्या दिवशी झाला. ज्या मेसेजची मी इतकी वाट पाहिली, तो वाचेपर्यंत त्यातले बरेचसे पैसे किराणावाल्याकडं आणि आचाऱ्याकडं गेलेसुद्धा. महिना अख्खा पुढं पडलेला आणि आम्ही परत होतो तिथंच.

पण निदान एक समाधान, की आज आपल्या पैशाचं, ताठ मानेनं जेवायचं! काल्याचं कीर्तन संपलं, पंगती बसल्या. मी पहिल्या पंगतीत माझ्या नेहमीच्या जागी बसलो, तर उत्तमरावांनी हाताला धरून उठवलं.

"सर, आज तुमी यजमान! यजमान शेवटी जेवते. घ्या बादली."

मग काय, मी बादली घेऊन वाढत सुटलो. "सर, इकडं बुंदी!" "सर, आनखी!" मायनं तर दोनदा मागून घेतली. पोरं हसत होती, शांताकाकू पोटभर आशीर्वाद देत होत्या, आणि पंगतीमागून पंगत उठत होती. उन्हात घाम पुसत मी वाढतच राहिलो. शेवटी आम्ही वाढणारे बसलो तेव्हा पत्रावळीवर भात आला, वरण आलं. बुंदीची बादली आली ती रिकामी. शेवेचा तर चुराही नव्हता.

संध्याकाळी मायला गाडीवर घेऊन घरी निघालो. माय मागून खुशीत म्हणाली, "बापू, पंगत झकास झाली रे. बुंदी तं अशी गोड, अशी गोड! तुले कशी लागली?"

मी म्हटलं, "गोड होती, माय."