बिबड्यांचा कट

आमच्या पारोळ्याच्या घरात अफवांचा निकाल मीच लावते. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून तो मान मी आपणहून घेतला आहे. माझी फूटपट्टी सोपी: हे खरं असेल तर किती जणांना तोंड मिटून बसावं लागेल? माणूस चंद्रावर गेलाच नाही, हे लपवायला हजारो माणसं लागतील. ते पार निकालात. विमानं आपले ढग पळवतात, हे माझ्या सासऱ्यांचं, आबांचं लाडकं मत. त्याला माणसं जरा कमी लागतात, पण मग शेजारच्या भडगावला पाऊस पडतो तो कसा, विमानं मधेच दमतात का? दुकानदार ज्वारीत खडे मिसळतो, याला मात्र एकटा माणूस पुरतो, म्हणून त्याला मी लगेच खोटं म्हणत नाही. माझं ऐकून आबा गप्प बसायचे आणि मला बरं वाटायचं.

या उन्हाळ्यात आमच्या बिबड्यांची पाळी आली. गल्लीतल्या बाया पहाटे जमून एकेका घरचे हे ज्वारीचे पापड घालून देतात. मोठ्या जाऊबाईंनी पीठ शिजवलं, सगळ्यांनी ते ओल्या धोतरांवर पसरलं. दुपारी शाळेतून येऊन मी बिबडे सोडवायला बसले, तर एकेकाचे तुकडे हातात यायला लागले. आदल्या आठवड्यातच जाऊबाईंशी माझी कुरबुर झाली होती. माझं डोकं फिरलं. ओट्यावर उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल असं मी म्हणाले, "पीठ मुद्दाम बिघडवलंय. आणि या सगळ्या सामील आहेत."

जाऊबाई आत निघून गेल्या. बोलले ते आबा, तेही हळू, माझीच फूटपट्टी मला लावून. "मंग हाई लपाडाले कितल्या जणीस्ले गप बसनं पडी?"

कुणी नवी साडी घेतली तर संध्याकाळपर्यंत ज्या गल्लीला कळतं, तिथल्या बायांनी पहाटे उठून, धुरात डोळे चोळत माझे बिबडे बिघडवायचे आणि वर गप्पही राहायचं. आबांची विमानं याच्यापेक्षा बरी होती. एक धोतर सोडवायचं राहिलं होतं. ते हातात घेतल्यावर आठवलं, कापडाला मागून पाणी लावल्याशिवाय बिबडा सुटत नाही. मी घाईत कोरडेच ओढले होते. पाणी लावलं, सगळे अख्खे निघाले. शरमेनं मान वर करवेना.

गल्लीसमोरच माफी मागितली. जाऊबाई "असू दे" म्हणाल्या.

पुढची पाळी शेजारच्या घरी होती. पीठ शिजवायला बायांनी जाऊबाईंनाच हाक मारली. त्या आल्या, पण पातेल्यापासून लांब बसल्या, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून.