डॉक्टरांचा इलाज

मला त्या व्याख्यानाला जायचंच नव्हतं. डब्लिनच्या टॅला उपनगरातल्या आमच्या लायब्ररीत शनिवारी दुपारी आयर्लंडची जमीन मोजणाऱ्या एका इंग्रज डॉक्टरवर कुणीतरी बोलणार होतं. ऑफिसातले आमचे डेटावाले म्हणाले, जा, आपल्या आकडेवारीच्या धंद्याचा खापरपणजोबा आहे तो. सात वर्षांच्या लेकीला मुलांच्या कोपऱ्यात बसवून मी मागच्या खुर्चीवर टेकले.

सुरुवातीला तो डॉक्टर मला आवडलाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा माणूस, कापडाचा धंदा करणाऱ्या घरातला, हुशारीवर ऑक्सफर्डात शरीरशास्त्राचा प्राध्यापक झालेला. फाशी दिलेली एक मोलकरीण चिरफाडीसाठी त्याच्यासमोर आली, तेव्हा तिच्यात धुगधुगी होती. त्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी तिला शेकून, गरम काढे पाजून जिवंत केलं. पुढं तिचं लग्न झालं, मुलंबाळं झाली.

मग हाच डॉक्टर इंग्रज फौजेबरोबर इथं आला. आयरिश लोकांकडून हिसकावलेली जमीन सैनिकांत वाटायची होती, म्हणून यानं औषधं बाजूला ठेवून मोजणीची साखळी हातात घेतली. मोजता मोजता स्वतःच्या नावावरही डोंगरच्या डोंगर करून घेतले. नकाशे मात्र सुरेख. व्याख्यान देणारे निवृत्त प्राध्यापक ते पडद्यावर दाखवताना अगदी विरघळत होते.

शेवटी ते हसत म्हणाले, डॉक्टरांची आणखी एक योजना होती. इथल्या लग्नाच्या मुली हजारोंनी इंग्लंडला न्यायच्या, तिकडच्या इकडं आणून इथल्या पुरुषांशी त्यांची लग्नं लावून द्यायची. घरात आई इंग्रज आली की खाणंपिणं इंग्रज, कपडे इंग्रज, आणि पोरांची भाषाही आपोआप इंग्रजी. "वेडी कल्पना," प्राध्यापक म्हणाले, "अमलात कधी आलीच नाही." सगळे खळखळून हसले.

माझं डोकंच फिरलं. बायका म्हणजे काय गोठ्यातली जनावरं, इकडची तिकडं बांधायला? आणि वेडी कुठं होती कल्पना? माणसं चिरून बघितलेल्या त्या गृहस्थाला भाषेची नस नेमकी सापडली होती. त्याचा संताप आलाच, पण हसणाऱ्यांचा त्याहून जास्त आला. मी हात वर केला.

"अमलात आली नाही म्हणता, मग आपण सगळे आत्ता कुठल्या भाषेत हसलो?"

"फेअर पॉइंट," प्राध्यापक म्हणाले आणि पुढच्या नकाशाकडे वळले.

लेकीला घेऊन तशीच धुमसत घरी आले. घरी माझी आई होती. कराडहून तीन महिन्यांसाठी आली होती, नातीशी पोटभर बोलायला. परवा तिचं विमान होतं, आणि या तीन महिन्यांत माझी लेक तिच्याशी मराठीत एक धड वाक्य बोलली नव्हती. समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत. आई बिचारी हसून मान डोलवायची आणि मग माझ्याकडे बघायची.

आईनं गरम थालीपीठ लेकीच्या ताटात टाकलं. "लोनी घालू का गं बाळा?"

"नो थँक्स, आजी. आय'म ग्रँड."

झालं. दुपारपासून साठलेलं सगळं त्या पोरीवर निघालं. "तोंडाला कुलूप लागलंय का तुझ्या? 'नको आजी' म्हणायला काय जीभ झडते? परवा जाईल ती, मग कुणाशी बोलणार आहेस? सांग, मराठीत सांग!"

तिनं ताट पुढं ढकललं. डोळे भरले होते, पण आवाज अजिबात हलला नाही.

"व्हाय वुड आय? मराठी'ज ओन्ली फॉर गिव्हिंग आउट."

गिव्हिंग आउट म्हणजे इथल्या इंग्रजीत कुणाला झापणं. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"काय म्हनली गं पोरगी?" आईनं विचारलं.

खोटं सांगायची सोय नव्हती, ती माझा चेहरा बघत होती. "म्हणाली, मराठी फक्त रागवायला असते."

आईनं तवा उतरवला, गॅस बंद केला. ती चिडेल असं मला वाटलं. चिडली असती तर बरं झालं असतं.

"आन् लाडानं कशात बोलतीस तिच्यासंगं?"

मी आठवायला लागले. सकाळी उठवताना, शाळेच्या दारात, रात्री पांघरूण घालताना. एकही मराठी शब्द सापडेना.

"इंग्रजीत," मी म्हणाले.