पिंजाऱ्याच्या घरचा शोरबा

सुगराबीच्या घरातून कुठलीही वस्तू सरळ कचऱ्यात गेली, असं जळगावच्या त्या गल्लीत कुणी पाहिलेलं नाही. भाकरी शिळी झाली की तिचा कुस्करा व्हायचा. लुंगी फाटली की उशीचा अभ्रा, अभ्रा फाटला की फरशी पुसायचं फडकं, आणि फडकंही फाटलं की ती ते दोन बोटांत धरून उजेडात बघायची, यातून अजून काही निघतं का म्हणून. लोक हसत. हसोत बापडे. ही बाई पिंजाऱ्याच्या घरात नांदलेली आहे, हे त्यांच्या लक्षात येत नसे. पिंजाऱ्याचा धंदाच मुळी जुन्याचं नवं करण्याचा. दबून दबून पापड झालेली गादी लोक घेऊन येणार, आणि तिच्यातलाच कापूस पिंजून ती टम्म फुगवून परत द्यायची. जिथं मेलेल्या कापसाला मरू देत नाहीत, तिथं अर्धं पातेलं गोश्त कोण टाकणार?

तिचा नवरा नूर महंमद. लग्न झाल्यावर दोघं पारोळ्याकडून जळगावात आले, तेव्हा तो कापूस पिंजायचं धनुष्य, म्हणजे पिंजण, खांद्यावर टाकून गल्लोगल्ली हिंडायचा. पुढे दुकान झालं. आता ते मुलगा हसनैन बघतो, आणि कापसापेक्षा फोमच्या गाद्या जास्त विकतो. नूर महंमद रोज दुकानात जाऊन बसायचा आणि गिऱ्हाइकासमोरच फोमला बोट लावून म्हणायचा, "हाई काय गादी शे? पाव शे पाव!" शेवटी हसनैननं हात जोडून त्याला घरी बसवलं. घरातलं बोलणं हे असं, अस्सल खान्देशी. उर्दू ते ईदेला आणि पाहुण्यांसमोर काढत, इस्त्रीचे कपडे काढावेत तशी.

तर या नूर महंमदला गर्व होता तो दातांचा. बोकडाची नळी तो दातानं फोडायचा आणि जेवायला बसलेल्या सगळ्या दस्तरखानावर नजर फिरवायचा, पाहिलं का म्हणून. पण दातांचं आणि जावयाचं सारखंच, कधी बिनसेल सांगता येत नाही. यंदा उन्हाळ्यात एकेक दात हलायला लागला. सुगराबी म्हणाली, बकरी ईद होऊ द्या, मग बघू. पण ठणका लागलेला माणूस आणि त्यातून हा आडमुठा. हसनैनला घेऊन दवाखान्यात गेला आणि जे हलत होते ते आणि जे हलण्याच्या बेतात होते ते, सगळेच काढून आला. डॉक्टर म्हणाले, हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू. हिरड्या भरायच्या आत ईद येऊन उभी राहिली.

आणि ईदेच्या दिवशी नूर महंमद थाळ्यावर बसला नाही.

आता ही गोष्ट बाहेरच्याला किरकोळ वाटेल. पण या घरात नवराबायको एकाच थाळ्यात जेवतात. निकाह झाला त्या दिवसापासून. भांडणं काय कमी झाली? एकदा तर नणंदेच्या लग्नातल्या रजयांवरून दोघांचा मोठा अबोला झाला होता. पण थाळा एकच. तो त्या बाजूनं जेवायचा, ही या बाजूनं, आणि भाकरी हवी असली की दोघं भिंतीशी बोलायचे. असा माणूस ऐन ईदेला "माले भूक नही" म्हणून दारापुढच्या ओट्यावरच्या खाटेवर जाऊन बसला आणि चहात टोस्ट बुडवत राहिला. पाहुण्यांनी विचारलं तर तोंडाशी रुमाल धरून हूं हूं केलं. दुसऱ्या दिवशीच्या बासी ईदेलाही तेच. रस्सा-भाकरी दिली तर म्हणाला, गोश्ताच्या बोटीबिगर रस्सा म्हणजे कापसाबिगर गादी.

सुगराबीला वाईट वाटलं. नुसतं वाईट नाही, भीती वाटली. माणूस थाळ्यावरून उठला की हळूहळू घरातूनच उठायला लागतो, असं तिची आई म्हणायची. खाटेवर पाठ करून बसलेला तो माणूस तिला एकदम लहान दिसायला लागला होता, आणि ते तिला मुळीच आवडलं नव्हतं. कसंही करून त्याला थाळ्यावर परत आणायचं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

पाहुणे आपापल्या गावी गेले. उरलं ते गोश्त. कुर्बानीचा एक वाटा गोरगरिबांना, एक नात्यागोत्यात, एक घरात. पण नात्यातल्यांच्या घरीही बोकड असतोच, त्यामुळे पाठवलेला वाटा दुसऱ्या बोकडाचं रूप घेऊन परत दारात येतो. हे सगळं सुगराबीनं हळद-मीठ लावून चरबीत शिजवून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ गरम केलं की टिकतं. सून जीनत म्हणाली, "अम्मी, फ्रिज शे ना." सुगराबी म्हणाली, "फ्रिज म्हंजे वस्तू ठेईसन इसरानी जागा."

शोरब्याची कल्पना जीनतची. तिनं फोनवर कुठलंतरी दाट, सायीचं सूप पाहिलं होतं. सुगराबीनं फोनमधली फक्त साय घेतली आणि बाकीचं स्वतःचं केलं. नळ्या आलं-लसूण घालून मंद आचेवर उकळत ठेवल्या, इतका वेळ की हाडातलं सगळं पाण्यात उतरलं. भिजवलेले कुटलेले गहू आणि मूठभर मसूर डाळ त्यात शिजवली, उरलेलं गोश्त घातलं. मग घाई नडली. जीनत म्हणाली मिक्सर आहे की, आणि सुगराबी हो म्हणाली. घर्र झालं, आणि भांड्यात गुळगुळीत, पिवळट असं काहीतरी तयार झालं. त्यावर साय घालून दोघी मोठ्या उमेदीनं ओट्यावर गेल्या.

नूर महंमदनं वाटीत डोकावून पाहिलं. "हाई काय शे?"

"शोरबा," सुगराबी म्हणाली.

"बोटी कोठे शे?"

"यामाच शे."

त्यानं चमचाभर उचललं, वरून खाली सोडलं, धार बघितली. "हाई बोटी नही, बोटीनं भूत शे," तो म्हणाला. "मी काय बिमार शे का? लई जा." आणि वाटी परत ढकलली.

हसनैननं ती वाटी चाटूनपुसून खाल्ली, पण त्याचं काय, तो फोमलाही गादी म्हणतो. सुगराबी मात्र विचारात पडली. रागावली आणि विचारात पडली, दोन्ही. कारण म्हातारा हट्टी असला तरी बोलला ते खोटं नव्हतं. मिक्सरनं गोश्ताचा धागाच मारून टाकला होता. कापूस दळला तर त्याला कापूस म्हणतील का? पिंजावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा सगळं शिजवलं, आणि घरात उकडतंय म्हणून पातेलं ओट्यावर आणलं. दोन पायांत घट्ट धरलं, घोटणी घेतली, आणि लागली घोटायला. खाटेवर नूर महंमद पाठ करून बसला होता. धप्, धप्, धप्. सुगराबीचे हात आता पूर्वीचे राहिलेले नाहीत. मधोमध जोर पडत होता आणि कडेला गोश्त जसंच्या तसं तरंगत होतं.

खाटेवरची पाठ थोडी वळली.

"गाठ ऱ्हायनी," पाठ म्हणाली.

"कोठे?"

"कडेले."

सुगराबीनं कडेला दोन ठोके दिले. गाठ बुडाली आणि दुसरीकडून वर आली.

"व माय! तू शोरबा घोटी ऱ्हायनी का गादी झोडपी ऱ्हायनी?"

"मंग तुम्हीन करा."

"माले काय पडनी शे?" म्हणत त्यानं तोंड पुन्हा रस्त्याकडे केलं. पण पिंजाऱ्याला गाठ दिसली आणि त्यानं ती सोडली, हे कधी झालं नाही. लोकांच्या लग्नात तक्क्याला टेकायच्या आधी हा माणूस बोटं दाबून आतला कापूस बघायचा आणि नवरदेवाच्या बापाला सांगायचा की तुम्हाला फसवलंय. सुगराबीच्या हे इतका वेळ ध्यानात नव्हतं. आता आलं. इथून पुढचं तिनं मुद्दाम केलं, हे मान्य केलं पाहिजे. तिनं एक मोठी बोटी नेमकी त्याच्या बाजूच्या कडेला सरकवली, आणि घोटणी बरोब्बर तिला चुकवून फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा. आंधळ्यालाही दिसावं इतकं.

"सरक," नूर महंमद म्हणाला, आणि खाटेवरून उतरला.

मग त्यानं जे केलं ते बघायला जीनतही स्वयंपाकघरातून बाहेर आली. आधी त्यानं हात स्वच्छ धुतले. गाठीच्या बोट्या ताटलीत काढल्या. एकेक बोटी बोटांत धरून तिचा धागा कुठून कुठे जातो ते पाहिलं, आणि त्या धाग्यानं ती उलगडली. ओढली नाही, तोडली नाही, नुसती सैल केली. ताटलीत गोश्ताचा हलका, विस्कटलेला ढीग साठत गेला. तो पातेल्यात सोडून त्यानं घोटणी घेतली. खांदा हलत नव्हता, फक्त मनगट. कडेकडेनं, बारीक, भराभर. शोरबा जड होत गेला, चमकायला लागला, आणि घोटणी उचलली की तिच्यामागे तार निघायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्याची पाठ ताठ झाली होती.

"आते गाठ नही ना?" सुगराबीनं भोळेपणानं विचारलं.

कापसातली गाठ बोटाला कळते. शोरब्यातली कळायला जीभच लागते. नूर महंमदनं बोट बुडवलं आणि तोंडात घातलं. थांबला. पुन्हा बुडवलं. तिसऱ्यांदा बोटाऐवजी चमचाच मागितला.

"मीठ कमी शे," तो म्हणाला.

सुगराबीनं मनातल्या मनात अल्लाचा शुक्र अदा केला. नवऱ्यानं मीठ कमी आहे म्हटलं की अन्न पोटात गेलं, असं खुशाल समजावं.

तिनं मीठ घातलं, साय फेटून घातली, तळलेला कांदा आणि चिमूटभर काळा मसाला. तिथंच ओट्यावर दस्तरखान अंथरलं. हसनैन दुकानातून जेवायला आला. ज्वारी-उडदाच्या कळण्याची मऊ भाकरी थाळ्यात चुरली आणि वरून शोरबा ओतला. नूर महंमदनं एक वाटी उचलली आणि ती भरून घ्यायला पुढे केली. नजर खाटेकडे.

"वाटी कसाले? थाळा शे ना," सुगराबी म्हणाली.

"तठेच खास मी."

"काबर?"

त्यानं रुमाल तोंडाशी धरला. मग सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण ओट्याच्या दुसऱ्या टोकालाही ऐकू गेलं असतं अशा आवाजात म्हणाला, "मन्हं तोंड आते कसं चालस, तुले म्हाईत शे का? म्हैसनागत. तू समोर बसशी. देखशी."

म्हणजे हे होतं तर. ना भूक, ना बोटी, ना डॉक्टर. नातवंडं व्हायच्या वयात या माणसाला बायकोची लाज वाटत होती. सुगराबीला हसू आलं, रडू आलं आणि संताप आला, आणि तिन्हींत संताप आधी बाहेर पडला.

"निकाह काय मी तुम्हना दातससंगे लावा व्हता?"

जीनत ओढणी तोंडात कोंबून आत पळाली. हसनैन रस्त्याकडे बघायला लागला. नूर महंमदनं आधी डोळे वटारले. मग त्याचे खांदे हलले, आणि मग तो हसला, सगळ्यांदेखत, सगळ्या हिरड्या दाखवून. वाटी खाली ठेवली आणि गुडघे धरत थाळ्याच्या आपल्या बाजूला बसला.

तो जेवला. सावकाश जेवला, तोंड म्हशीसारखंच चालत होतं, त्याला इलाज नव्हता. पण गोश्त जिभेवर धाग्याधाग्यानं सुटत होतं आणि प्रत्येक घासाला तो डोळे मिटत होता. सुगराबी वाढत होती. हसनैनला भाकरी दे, परत बाहेर आलेल्या जीनतला लिंबू दे, याच्यापुढे अजून थोडा शोरबा ओत. थोड्या वेळानं नूर महंमदचा हात थांबला.

"तू खा," तो म्हणाला.

"खास ना. तुम्हीन खा पहिले."

"ईदपाईन तू एक बोटी तोंडमा टाकी नही."

सुगराबीनं डाव पातेल्यात ठेवला. तो थाळ्यावरून उठल्यापासून तिच्याही घशाखाली बोटी उतरत नव्हती, पण हे तिनं जीनतलाही कळू दिलं नव्हतं. "कोनी सांगं तुम्हले?"

"कोन सांगी?" नूर महंमदनं आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. "मन्हा दात गयात. डोया नही गयात."

 ती त्याच्या समोर, थाळ्याच्या आपल्या बाजूला बसली. घास उचलला, तोंडात घातला, आणि चावण्यासारखं त्यात काही नसतानाही बराच वेळ चावत राहिली.