कोनराडच्या नावाची मिस्सा

आमचे शेजारी आगटे सर म्हणजे अजब माणूस. साताऱ्याचे हिंदू, राहायला इथे कॅनडात, मिल्टनमध्ये, आणि जन्मभर अभ्यास कशाचा, तर पाचशे वर्षांपूर्वीच्या स्वित्झर्लंडमधल्या एका घराण्याचा! हाल्टिंगर त्यांचं नाव. मी वसईची फ्लोरिन, पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक, पण मला त्या लोकांचं सोयरसुतक नाही. सरांना मात्र त्यांच्या सुना, जावई, भांडणं, सगळं तोंडपाठ.

ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता मध्येच थांबायचे आणि सुरू व्हायचे. पहिला हाल्टिंगर खांद्यावर कापडाचे तागे घेऊन नदीकाठच्या त्या शहरात आला. मुलाने पेढी थाटली. नातू थेट नगराध्यक्ष! शहराबाहेर किल्ला काय, चांदीची ताटं काय. मी म्हणायचे, "सर, अहो, बर्फ जेवढा काढलात त्याच्या दुप्पट पडला. आत व्हा आधी!" ते हसायचे, पण आत जायचे नाहीत. आत होतं कोण? त्यांची बायको, उमाताई, कोविडच्या पहिल्याच हिवाळ्यात गेल्या. मी इथे राहायला आले ती त्यानंतर. मुलगा क्षितिज ओटावाला, रविवारी फोन करतो. नातवंडं इंग्लिशमध्ये "हाय आजोबा" म्हणतात आणि पळतात. पूर्ण टाऊनहाऊसमध्ये हा एकटा माणूस. मेलेल्यांशी बोलणार नाही तर काय करणार?

गेल्या नोव्हेंबरात सर माझ्या दारात आले. टोपी हातात, चेहरा उतरलेला.

"फ्लोरिनबाई, तुमच्या चर्चमध्ये एका गेलेल्या माणसासाठी प्रार्थना, मिस्सा, सांगता येईल का?"

"कोणासाठी?"

"कोनराड हाल्टिंगर."

घ्या! मी त्यांना आत बसवलं, चहा टाकला. तर हा कोनराड त्या घराण्यातला शेवटचा पुरुष. प्लेगने घर रिकामं केलेलं, मूलबाळ नाही. वंश संपला म्हणून त्याच्याबरोबर घराण्याचं चिन्ह असलेली ढालही थडग्यात पुरली. तिकडची रीतच तशी होती म्हणे. मरण्याआधी त्याने व्यवस्था केली होती, की दर वर्षी आपल्या नावाने मिस्सा व्हावी, आणि ती चालू असताना आपलं म्हणून कोणीतरी थडग्यापाशी उभं राहावं. पुढे शहरच प्रोटेस्टंट झालं, आणि त्यांच्यात मेलेल्यांसाठी मिस्सा नसते. मिस्सा बंद.

"अहो, पण तो तुमचा कोण लागतो?"

"कोणी नाही," सर म्हणाले. "त्याच्यासाठी कोणीच उभं राहिलं नाही हो. मला ते सहन होत नाही. माझं वय झालं. एकदा तरी उभा राहीन म्हणतो."

मी म्हटलं, "तुम्ही काळजीच करू नका."

महिन्यातून एकदा आमची मराठी मिस्सा असते. मी नाव कळवलं. त्या रविवारी सर सूट घालून आले आणि मागच्या बाकापाशी उभे राहिले. नावं वाचतो आमचा रॉड्नी. नाव मी दिलेलं, सर माझ्याबरोबर आलेले, तेव्हा त्याने आपल्या मनाने जोडून टाकलं आणि वाचलं, "आगटे सरांच्या घरातले दिवंगत कोनराड." सगळ्या माना मागे वळल्या. सर हललेसुद्धा नाहीत.

आणि मिस्सा संपल्यावर जे व्हायचं तेच झालं. आमच्यात कोणाचं माणूस गेलं की सांत्वनाला रांग लागते. हॉलमध्ये एकेक जण सरांचा हात हातात घ्यायला लागला. रेबेका आन्टी तर त्यांच्या शेजारीच बसली. ती अशा वेळी कोणाला सोडत नाही. ट्रेसी डाळभाताचा डबा कधी पोचवू म्हणून विचारायला लागली. आता कसं सांगायचं यांना, की मेलेला माणूस पाचशे वर्षांपूर्वीचा? मला हसू आवरेना, आणि त्याची लाजही वाटत होती. मी पुढे झाले.

तेवढ्यात रेबेका आन्टीने विचारलं, "शेवटी जवळ होतं का कोणी, सर?"

"नाही," सर म्हणाले. "हॉस्पिटलात आत सोडतच नव्हते. मी पार्किंगमध्ये बसलो होतो. नर्सने फोन कानाशी धरला, पण मला बोलताच आलं नाही."

मी होते तिथेच थांबले. हे उमाताईंचं चाललं होतं.

"नंतरही कोणी आलं नाही," सर सांगत होते. "यायला परवानगीच नव्हती. क्षितिजने अंत्यसंस्कार स्क्रीनवर पाहिले. मी घरी आलो आणि दार लावलं." आणि मग ते रडायला लागले, अगदी हमसून हमसून. रेबेका आन्टीने त्यांचा हात सोडला नाही. मागे रांग तशीच उभी होती, कोणाला घाई नव्हती.

खुलासा करायला उघडलेलं तोंड मी मिटलं आणि सरांसाठी चहा आणायला गेले.