नंतरबाई

बाई रोज सकाळी कॉम्प्युटर लावायच्या आणि सगळ्यात आधी त्याची माफी मागायच्या. पडद्यावर अपडेटची चौकट यायची, बाई ‘नंतर’वर बोट दाबायच्या आणि पुटपुटायच्या, “आज नाही हं, उद्या बघू.” पेणच्या माझ्या गणपतीच्या कारखान्यात पोरं त्यांना नंतरबाई म्हणायची, ती त्यावरूनच. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा मीच तोंडावर बोलून गेलो तर हसून म्हणाल्या, “शेठ, नंतर म्हणायला सांगता तुम्ही, नाव मात्र माझं!”

खरंच होतं ते. बाई रोह्याच्या एका कंपनीच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या. रोह्याजवळच वरसेला राहायच्या, सकाळच्या गाडीने यायच्या. आल्या आल्या कॉम्प्युटरवरची मातीची धूळ ओल्या फडक्याने पुसायच्या आणि मग चहा घ्यायच्या. गिऱ्हाईक मूर्ती पसंत करून गेलं की मूर्तीच्या पाठीवर खडूने नंबर पडायचा आणि नंबरापुढचं नाव-गाव कॉम्प्युटरात जायचं. पूर्वी मी नावच लिहायचो. खाडन आडनावाची माणसं सतरा आणि गणपती तेवढेच, त्यातून भांडणं व्हायची. बाईंनी ती बंद केली.

मी मिठागरावर टोपल्या उचलून वर आलेला माणूस. आयुष्यभर समोरच्याच्या डोळ्यांत बघून भाव पाडला. या अपडेटवाल्याशी भांडायचं तर तो गल्ल्यावर बसतच नाही! वस्तू माझी, वीज माझी, आणि कधी बंद पडायचं ते ठरवणार तो. मी तापलो की बाई म्हणायच्या, “बिनबोलावता पाहुणासुद्धा दारातून हाक मारतो, शेठ. हा थेट चुलीपाशी येऊन बसतो.” पण तो येणार हे त्या मानून चालायच्या. मूर्ती रंगायला लागायच्या आधीच त्यांनी मला सांगितलं होतं, “मला अर्धा दिवस द्या. सगळं दुसरीकडे उतरवून घेते आणि याला काय करायचं ते करू देते.” मी म्हणालो, “दारात गिऱ्हाईक आहे. सीझन झाल्यावर काय ते करा.” पुढे दोनदा त्यांनी विचारलं. दोन्हीदा मी ओरडलो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ‘नंतर’ म्हणायची सोयच उरली नाही. भर सकाळी, कारखान्यात पाय ठेवायला जागा नसताना, कॉम्प्युटर आपणहून बंद झाला आणि पडद्यावर नुसतं गोल फिरायला लागलं. दुपारी जागा झाला तेव्हा नावांची यादी उघडेना. मूर्तींच्या पाठीवर नंबर, आणि नंबर कोणाचा ते कोणालाच माहीत नाही. मी टेबलावर मूठ आपटली. बाईंनी शांतपणे दरवाजात जाऊन लोकांना सांगितलं, “माझ्याकडून गोंधळ झालाय. ज्याने त्याने आपली मूर्ती ओळखून घ्या.”

बहुतेकांनी ओळखली. खांब गावच्या एका घराने मात्र नुसताच टेम्पो पाठवला होता. ड्रायव्हरला काय माहीत? बाई दरवाजातल्या गर्दीत अडकलेल्या; मी आणि पोरांनी आठवून आठवून एक उभी मूर्ती चढवली. संध्याकाळी कोपऱ्यात लोडाला टेकलेला गणपती एकटाच उरला तेव्हा कळलं, खांबचा तो हा.

आम्ही गाडी काढून खांबला पोचलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पूजा होऊन गेली होती. खांब हे बाईंचं माहेर, आणि ते घर त्यांच्या शेजारचं. घरातले दादा म्हणाले, “आता बसला तो आमचाच. नाय बदलायचा.” वहिनींनी मात्र सगळ्या पाहुण्यांसमोर बाईंना विचारलं, “तीन पिढ्या टेकलेलाच बसतो आमच्यात, तुला ठाव हाय. तुझ्याकडनं व्हावं गो हे?”

“माझंच चुकलं, वहिनी,” बाई म्हणाल्या.

मी मखराकडे बघत होतो. छान केलं होतं.

विसर्जन झाल्यावर बाई कारखान्याची किल्ली परत द्यायला आल्या. मी म्हटलं, नवा कॉम्प्युटर घेतो. पगार वाढवतो. अर्धाच दिवस या. मी एकेक पायरी चढत गेलो आणि बाई ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, “मला काही नको. माहेरी गेले की बायका विचारतात, हिनेच ना तो गणपती बदलला? तुम्ही एकदा खांबला जा आणि सांगा, की बाईंनी अर्धा दिवस मागितला होता, मी दिला नाही. मग येते मी.”

“जातो,” मी म्हणालो.

मला त्यांचा रागही येतो. मागून मागितलं ते असं, की जिथे घासाघीस चालत नाही. महाडच्या ऑर्डरी पोचवायला त्याच रस्त्याने जातो. खांब आलं की फोन कानाला लावतो.

परवा खांबचे दादा स्वतः कारखान्यात आले. यंदा टेकलेलाच हवा म्हणाले, आणि मूर्ती त्यावरच घडवावी, बदलू नये, म्हणून घरचा पाट सोबत आणला होता. टेबलाकडे नजर टाकून त्यांनी हळूच विचारलं, “ती नाय ना आता इथं?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरं हाय,” दादा म्हणाले आणि पाट माझ्या हातात दिला. मी तो घेतला.