शमीम सिस्टर खोटा धीर देत नसत

बीडच्या दवाखान्यात नवजात बाळांच्या खोलीत शमीम सिस्टर कधी बसलेल्या मला दिसल्या नाहीत. बाळं ठेवलेल्या काचेच्या या पेटीकडून त्या पेटीकडे नुसत्या फिरत. एखाद्या बाळाचा पाय थरथरला की त्यावर अलगद तळवा ठेवत. "धरल्यावर थांबती ती थरथर. धरून बी थांबत न्हाई तो झटका," असं आम्हा बाळंतिणींना सांगत.

माझी ओवी दोन दिवसांची होती. जन्मल्यावर रडली नव्हती, म्हणून गेवराईहून तिला इकडं पाठवलं होतं. त्या सकाळी ती चोखल्यासारखे ओठ हलवत होती, डोळे एकाच बाजूला खिळलेले. भूक लागली असेल, असं वाटून मी कौतुकानं सिस्टरांना दाखवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि लगेच डॉक्टरांना हाक मारली. तो झटकाच होता. शिरेतून औषध दिलं, तरी दुपारपर्यंत झटके येत राहिले.

बरी होईल ना, असं मी येईल त्याला विचारायची. सगळे "हो, होईल" म्हणत. सिस्टर म्हणाल्या, "मला न्हाई माहीत, बाई. काही लेकरं एकदम चांगली निघत्यात. काहींना पुढं फिट येती, कुणाचं चालणं-बोलणं मागं राहतं. वाढताना बघितल्याबिगर कळणार न्हाई. तपासणीची तारीख चुकवू नको."

मला त्यांचा इतका राग आला, की तलवाड्याला घरी गेल्यावर औषध तेवढं चालू ठेवलं, पण तपासणीला गेलेच नाही. ओवी हसत होती, दूध पीत होती. चार महिन्यांनी सिस्टरांचा फोन आला. का आली नाहीस, हे त्यांनी विचारलंच नाही.

"कोणती मूठ मिटून ठेवती?"

"उजवी," मी म्हणाले. मला ते केव्हाच दिसलं होतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. झटक्यांनी एक बाजू कमजोर राहिली की लेकरू ती मूठ उघडत नाही, असं सिस्टरांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी बीड गाठलं.

मग व्यायाम सुरू झाले. ओवी उशिरा बसली, दोन वर्षांची झाल्यावर चालली. पुढं औषधही बंद झालं. सिस्टर निवृत्त झाल्या.

यंदा, पाचव्या वर्षी, तापात ओवीला अंगणात फिट आली. शेजारणी कांदा घेऊन धावल्या. मी सिस्टरांनाच फोन लावला. कुशीवर निजव, तोंडात काही घालू नको, असं त्या शांतपणे सांगत राहिल्या. ओवीचं अंग सैल पडून ती रडेपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. आता दवाखान्यात ने, म्हणाल्या.

जीपची वाट बघत फोनवरच मी म्हणाले, "सिस्टर, लई भ्याले मी."

"मी बी," त्या म्हणाल्या. "नोकरीत रोज भ्यायचे."