मागे घेतलेली उपमा

माझी मुलगी क्षितिजा वसईच्या एका साप्ताहिकात लिहिते. सुरुवात नाटकांच्या परीक्षणांपासून झाली. भुईगावच्या एका हौशी नायकाबद्दल तिनं लिहिलं होतं, ‘यांचा आवाज म्हणजे सर्दावलेली काडेपेटी. घासून हात दुखतो, पेटत काही नाही.’ वाचून मी धसकले. पण तो नायक पापडी गावच्या बाजारात भेटला तेव्हा हसत म्हणाला, “काकू, काडेपेटी उन्हात ठेवलीय म्हणावं!”

नाटकवाले असं हसण्यावारी नेतात. क्षितिजानं उपमा देण्याची ती सवय बातमीत नेली.

यंदा, नव्याण्णवच्या उन्हाळ्यात, जवळच्या गिरीज गावच्या विहिरींचं पाणी टँकरनं नव्या इमारतींना विकलं जात होतं. आधी तिनं सरळ लिहिलं. कुणाच्या विहिरीला खारं पाणी लागलं, कुणाच्या वाडीतली केळी सुकली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिनं लिहिलं, ‘वाडीच्या मानेला जळू लागली आहे. खरी जळू पोट भरलं की गळून पडते. हिचं पोट भरतच नाही.’ नाव कुणाचंच नव्हतं. तरी टँकर दिसला की नाक्यावरची पोरं ‘जळू आली, जळू आली’ ओरडायला लागली.

टँकर बळीरामशेठचे. त्यांची दोन माणसं आमच्या दारात आली.

“शेठ म्हणाले, विहिरींचं काय लिहायचं ते लिहा. ती जळू तेवढी मागे घ्या. शनिवारच्या अंकात.”

“नाही घेतली तर?” क्षितिजानं आतून विचारलं.

त्यातला एक माझ्याकडे बघून हसला. “ताई स्कूटीवरूनच फिरतात ना, वहिनी?”

ते गेल्यावर मी तिच्या मागेच लागले. “एक शब्द तर आहे! काढून टाक की.” तिचे बाबाही तेच म्हणाले. साप्ताहिकाचे संपादक ॲन्सेल्मसर म्हणाले, “खुलासा लिही आणि विषय संपव.”

“बरं,” ती म्हणाली. इतक्या सहज ती कधी ऐकत नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तिनं खुलासा लिहून मला वाचायला दिला. ‘गेल्या अंकातली जळूची उपमा आम्ही मागे घेत आहोत. म्हणायचं होतं ते असं: बळीरामशेठ यांचे टँकर गिरीजच्या विहिरींमधून विनापरवाना पाणी उपसतात आणि ते विकतात.’

“अगं, नाव कशाला घातलंस?”

“नाव घालायचं नव्हतं म्हणून तर उपमा होती, आई. तीच नको म्हणाले.”

ॲन्सेल्मसरांनी वाडीवाल्यांना बोलावून खात्री करून घेतली. मग चष्मा पुसला आणि त्यांनी ते छापलं.

रविवारी बळीरामशेठ स्वतः आले. हातात अंक होता. मी पाणी पुढे केलं, त्यांनी घेतलं नाही.

“वहिनी, आधीचंच बरं होतं. तेच परत छापायला सांगा.”

क्षितिजा बाहेर आली. मी तिचा दंड धरला, तिनं हळूच सोडवून घेतला. “काका, यातला कुठला शब्द खोटा आहे ते दाखवा. तोही मागे घेते.”

त्यांनी अंक उघडला. ओठ हलवत वाचला. पुन्हा घडी घातली. शेवटी ते उठले. दारातून वळून अगदी घरच्या माणसासारखे म्हणाले, “गिरीजचा रस्ता वाईट आहे हो. पोरीला अंधार पडायच्या आत घरी येत जा म्हणावं.”

दार लावून मी विचारलं, “धमकी होती ना ही?”

“रस्ता वाईट आहेच, आई,” ती म्हणाली. “त्यावरही लिहायचंय.”

ती तशीच जात राहील, मला माहीत आहे. उद्या तिला पुन्हा गिरीजला जायचंय. स्कूटीच्या मागच्या सीटवर मी बसणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.